चावा जाणवतो, मग मासा का निसटतो?

अमेरिकेत स्थायिक झालेले आणि उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी जवळच्या तळ्यावर रॉड घेऊन जाणारे वाचक एकच तक्रार पुन्हा पुन्हा करतात. प्लास्टिकची मऊ अळी पाण्यात टाकली, ती तळाशी गेली, दोरीवर टकटक झाली, जोरात हिसका मारला आणि हाती आलं ते फक्त मुरगळलेलं प्लास्टिक. बास मासाच होता हे नक्की, त्याने आमिष तोंडात घेतलं हेही नक्की. मग गळ का लागला नाही?

बहुतेकांना वाटतं की हिसका कमी पडला किंवा उशीर झाला. कधी तसं असतंही. पण बऱ्याच वेळा कारण त्याआधीच घडलेलं असतं, गळावर अळी चढवताना. माशाच्या जबड्यापर्यंत पोचण्याआधी गळाच्या टोकाला प्लास्टिक भेदावं लागतं. त्या वाटेत अडथळा असला तर मनगटात कितीही जोर असून फायदा नाही. म्हणून या लेखात जास्त जागा अळी ओवण्याला दिली आहे आणि हिसक्याला त्यामानाने कमी.

आधी एवढं समजून घ्या

लार्जमाउथ बास मोठं तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्याबरोबर आमिष आत ओढून घेतो. मग जबडा मिटून ते दाबतो. त्या वेळी तुमची अळी तोंडात सरळ असेलच असं नाही. पुष्कळदा ती दुमडून गोळा होते. तुम्ही दोरी ओढता तेव्हा तो अख्खा गोळा दोन जबड्यांच्या मधून सरकतो. गळाचं टोक प्लास्टिकमध्येच राहिलं, तर मासा तोंड उघडतो आणि सगळं जसंच्या तसं बाहेर येतं.

मग टोक लपवायचंच कशाला? कारण बास राहतो तिथे पाणगवत, बुडालेली झाडं आणि कमळाची पानं असतात. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनमध्ये प्लास्टिकची अळी तयार केली. पुढे टेक्ससच्या जलाशयांत, बुडालेल्या झाडांच्या गर्दीत, टोक अळीच्या अंगात लपवायची पद्धत रुळली. तीच टेक्सास रिग. लपवलेलं टोक फांदीत अडकत नाही, पण माशाच्या जबड्यात घुसण्याआधी त्याला प्लास्टिकमधून बाहेर पडावं लागतं. ही किंमत जितकी कमी करता येईल तितके मासे जास्त लागतील.

निसटलेल्या चाव्यानंतर अळी नीट बघा

हिसका वाया गेला की लगेच दुसरी फेक टाकू नका. आमिष हातात घ्या. चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा त्यावर दिसतं.

- अळी दांड्यावरून घसरून गळाच्या वळणात गोळा झाली आहे: नाकाशी पकड सैल होती. गोळ्याने गळाची जागा भरली, टोक अडलं.
- अळी जागेवर आहे आणि टोक अजून आतच आहे: गळ अळीच्या जाडीच्या मानाने लहान आहे, टोक फार खोल पुरलं आहे, किंवा दोरीत झोल असताना हिसका मारला गेला.
- टोक बाहेर आलं आहे, पण मासा क्षणभर लागून सुटला: टोक बोथट आहे, किंवा जाड तारेचा गळ मवाळ रॉडवर वापरला आहे.
- गळ उघडून सरळ झाला आहे: बारीक तारेच्या गळाला वेणीची दोरी आणि जोरदार हिसका, हे जमत नाही.
- फक्त शेपटी तुटली आहे: बरेचदा हा बास नसून ब्लूगिलसारखा लहान मासा असतो. तो शेपटी धरून ओढतो, गळापर्यंत पोचत नाही. जागा बदला किंवा आखूड अळी लावा. जोर वाढवून इथे काही साधणार नाही.

शेवटच्या प्रकारात लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात. एकाच जागी बारीक, भरभर टकटक होत राहिली तर समजा की लहान माशांचा थवा आहे. बासचा चावा बहुधा एक ठाम ठोका असतो, किंवा दोरी बाजूला सरकू लागते, किंवा अळी अचानक जड वाटते.

गळ निवडताना नंबराआधी गाळा बघा

आकड्यांचा घोळ आधी सोडवू. ज्या गळांवर १/०, २/०, ३/० असं लिहिलेलं असतं, त्यांत रेघेआधीचा आकडा मोठा तसा गळ मोठा. ज्यांवर नुसतं १, २, ४ लिहिलेलं असतं, त्यांत आकडा मोठा तसा गळ लहान. म्हणजे ४ नंबरचा गळ अगदी छोटा आणि ४/० चा चांगला मोठा. कंपनीगणिक मापात फरक पडतो, म्हणून पाकिटावरच्या आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

बघायचा आहे तो गाळा, म्हणजे दांडा आणि टोक यांच्यामधली मोकळी जागा. अळी या जागेत आडवी धरा. अळीच्या जाडीने निम्म्याहून जास्त गाळा भरत असेल तर गळ लहान आहे. दाबलं गेलेलं प्लास्टिक कुठेतरी जायला हवं, आणि टोकाला त्याच्या पलीकडे पुरेसं बाहेर यायला हवं.

दुकानात टेक्सास रिगसाठी तीन घडणी दिसतील:

- गोल वळणाचा ऑफसेट गळ: नेढ्याजवळ दांड्याला झेडसारखा बाक असतो. सडपातळ अळ्यांसाठी माझी पहिली पसंती याला, कारण टोक मोकळं राहतं आणि चांगल्या कोनात घुसतं.
- रुंद गाळ्याचा, म्हणजे ईडब्ल्यूजी: पोट फुगीर, टोक साधारण नेढ्याच्या रेषेत. जाड अंगाच्या अळ्या आणि नांग्यांचे प्लास्टिकचे क्रॉफिश यांसाठी. बारीक अळीला हा लावू नका. पोकळी उगाच मोठी राहते आणि अळी वळणात सरकते.
- सरळ दांड्याचा जाड गळ: दाट गवतात, वेणीची दोरी आणि ताठ रॉड असेल तेव्हा. नेढ्याजवळ अळी धरून ठेवणारा छोटा काटा असलेला घ्या.

सुरुवातीला ही मापं धरून चाला:

- ४ इंची अळी: २/० ऑफसेट
- ५ इंची जाड काडीसारखी अळी, सेंको किंवा तशा घडणीची: ३/० किंवा ४/० ईडब्ल्यूजी
- ६ ते ७ इंची सडपातळ अळी: ३/० गोल वळण, थोडी जाड असल्यास ४/०
- १० इंची अळी: ५/०
- जाड, चपटा क्रॉफिश: ४/० ईडब्ल्यूजी, किंवा दाट गवतात ४/० सरळ दांडा

नवा गळही नखावर तपासून घ्या. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. ते नखावर अडलं तर धारदार आहे, घसरलं तर नाही. काठावरच्या दगडांत अळी दोन-चार वेळा घासली की चांगल्यातला चांगला गळही बोथट होतो. खिशात छोटी कानस ठेवा किंवा सरळ गळ बदला. बोथट गळ महिनोन् महिने वापरून दर महिन्याला नवीन रंगाच्या अळ्या विकत घेण्यात अर्थ नाही.

टेक्सास रिग, पायरी पायरीने

१. बुलेट वजन दोरीत ओवा, निमुळतं तोंड रॉडकडे. मग गळ पालोमार गाठीने बांधा. गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरी कमजोर होते.

२. गळाचं टोक अळीच्या नाकाच्या बरोबर मध्यभागी घाला. इथे अर्धा मिलिमीटर बाजूला गेलात तरी अळी पाण्यात गोल फिरते आणि दोरीला पीळ पडतो.

३. साधारण पाव इंच, म्हणजे गळाच्या बाकाइतकं आत गेल्यावर टोक अळीच्या पोटाकडून बाहेर काढा.

४. गळ पूर्ण ओढून घ्या, नेढं नाकाशी येईपर्यंत. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक अळीच्या अंगाकडे तोंड करेल.

५. आता घाई नको. अळी सरळ लटकू द्या आणि गळ तिच्या शेजारी धरा. गळाचं वळण अळीवर जिथे येतं त्या जागी नखाने खूण करून ठेवा. पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ ही पायरी टाळण्यात असतं. अंदाजाने टोचलेली अळी एक तर ताणली जाते किंवा मध्ये फुगते. ताणलेली अळी पहिल्याच धक्क्याला नाकापासून सुटते, आणि फुगलेली आधीच अर्धी गोळा झालेली असते.

६. अळी किंचित पुढे ढकला आणि खुणेच्या जागी टोक आरपार घाला. सरळ, तिरकं नाही. दुसऱ्या बाजूने टोक पूर्ण बाहेर आलं पाहिजे. आत अर्धवट ठेवायचं नाही.

७. बाहेर आलेलं टोक अळीच्या पाठीवर सपाट टेकेल. तिथली कातडी चिमटीत धरून किंचित पुढे घ्या आणि फक्त टोकाची अणी त्या कातडीखाली अडकवा. उलटा काटा झाकू नका.

सातवी पायरी या लेखाचं सार आहे. जुन्या पद्धतीत टोक अळीच्या अंगातच थांबवतात. मग ते माशापर्यंत पोचायला अर्धी अळी फाडावी लागते. सुई गोधडीच्या एका थरातून सहज जाते आणि चार थरांतून ढकलताना अंगठा दुखतो, तसाच हा फरक आहे. नुसत्या कातडीखाली अडकवलेलं टोक गवतात अडकत नाही आणि माशाने दाबताक्षणी बाहेर येतं. काही अळ्यांच्या पाठीवर याच कामासाठी खाच असते. ती असेल तर टोक तिच्यात ठेवा.

थंडीत ही काळजी जास्त घ्या. गार पाण्यात प्लास्टिक ताठरतं आणि उन्हाळ्यात सहज सुटणारं टोक नोव्हेंबरात अडून बसतं. पाकिटात दुमडून वाकड्या झालेल्या अळ्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट जागी गार केल्या की सरळ होतात.

पाण्यावर जाण्याआधी घरीच तपासा

तीन चाचण्या करा. तिन्ही मिळून दोन मिनिटांचं काम आहे.

- लटकवून: दोरी धरून अळी लटकवा. ती काडीसारखी सरळ दिसली पाहिजे. कुठेही फुगवटा किंवा बाक दिसला तर काढून पुन्हा ओवा.
- दाबून: गळाचं टोक बाजूला ठेवून अळी वरून-खालून बोटांनी हलकेच दाबा. हलक्या दाबाने अणी बाहेर डोकावली पाहिजे.
- चिमट्यात धरून: पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये अळी ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या चिमट्याने बेताने धरा. दोरीचं टोक हाताने ठामपणे ओढा. टोक पुठ्ठ्यात रुतलं तर जमलं. अळी तशीच सरकून बाहेर आली तर माशाच्या तोंडातूनही तशीच येणार. ओढताना चष्मा घाला आणि समोर कुणी बसू नये.

अळी नाकापासून घसरत असेल तर नाकात घालताना ऑफसेटच्या बाकावर सुपरग्लूचा एक थेंब लावा. नाक फाटलं तर अर्धा इंच कापून पुन्हा ओवा. मीठ मिसळलेल्या अळ्या मासा जास्त वेळ तोंडात धरतो, पण त्या लवकर फाटतात. हा त्यांचा स्वभाव समजून दोन-तीन माशांनंतर अळी बदलायची तयारी ठेवा. एलाझटेक नावाने मिळणारं ताणलं जाणारं प्लास्टिक बराच काळ टिकतं, मात्र ते साध्या अळ्यांबरोबर एका डबीत ठेवलं तर दोन्ही वितळून चिकटतात. त्याला बारीक तारेचा गळ लावा. जाड तारेवर ते ओवताना जीव मेटाकुटीला येतो.

वजन अडवायचं की मोकळं ठेवायचं?

दाट गवतात बुलेट वजन दोरीवर रबरी स्टॉपरने अळीच्या नाकाशी अडवा. नाहीतर वजन खाली जातं आणि अळी वर गवतात राहते. मग चावा वजनातून गोल फिरून तुमच्यापर्यंत येतो आणि दोरीतला झोल कळतच नाही. मोकळ्या तळावर मात्र वजन मोकळं ठेवा. मासा अळी घेऊन हलला तरी दोरी वजनातून सरकते आणि त्याला ओझं जाणवत नाही.

किती वजन? तळ हाताला कळेल एवढं, त्याहून जास्त नाही. उथळ पाण्यात १/८ ते १/४ औंस, खोल पाण्यात ३/८ ते १/२. गवताच्या जाड चटईतून खाली घुसायचं असेल तरच पाऊण औंसाच्या पुढे जा.

शिसं आणि टंगस्टन यांत टंगस्टन जास्त घन असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो आणि तळ जास्त स्पष्ट कळतो. किंमत बरीच जास्त आहे. पण न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, मेन, व्हरमाँट अशा राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी किंवा निर्बंध आहेत, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. तिकडे जात असाल तर डबी आधी रिकामी करा.

हिसका कोणत्या रिगला किती

एकच हिसका सगळीकडे वापरणं ही दुसरी मोठी चूक.

टोक लपवलेलं असेल, तारेची जाडी मध्यम किंवा जास्त असेल, तर:

- चावा जाणवताच रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा.
- झोल भरभर गुंडाळून घ्या.
- माशाचं वजन जाणवलं की त्याच क्षणी रॉड झटक्यात वर घ्या.
- लगेच गुंडाळत राहा. हिसक्यानंतर हात थांबला तर दोरी सैल होते आणि मासा उडी मारून गळ झटकतो.

सैल दोरीवर मारलेल्या हिसक्याची ताकद झोल ताणण्यातच खर्च होते. पण वजन जाणवेपर्यंत थांबा याचा अर्थ माशाला गिळू द्या असा नाही. आधी दहा आकडे मोजा हा जुना सल्ला सोडून द्या. थांबलात तर गळ घशात जातो आणि सोडून द्यायचा मासाही मरतो.

टोक उघडं असेल, तार बारीक असेल, तर हिसका नकोच. रॉड बाजूला झुकवून ठेवा आणि रील वेगाने फिरवा. दोरी ताणली गेली की गळ आपोआप रुततो. इथे जोरात मारलेला हिसका तोंड फाडतो किंवा गळ सरळ करतो.

उघड्या टोकाच्या रिग, थोडक्यात

ज्या तळ्यात गवत विरळ आहे तिथे टोक लपवण्याचा हट्ट कशाला? नवशिक्यांना मी आधी वॅकी रिगच सुचवतो. जाड काडीसारख्या अळीच्या मध्यावर रबरी रिंग चढवा आणि १ किंवा १/० नंबरचा गळ रिंगखालून घाला. एका रिंगेत गळ अळीला समांतर पडतो आणि टोक प्लास्टिकला चिकटून राहतं. दोन रिंगा फुलीसारख्या चढवून त्यांच्या छेदाखालून गळ घातला तर तो अळीला काटकोनात उभा राहतो आणि टोक पूर्ण मोकळं होतं. फरक लगेच जाणवेल. वजन न लावता हळूहळू बुडू द्या आणि दोरीवर नजर ठेवा. या रिगवर चावा हाताला कमी कळतो, दोरी बाजूला सरकताना आधी दिसते.

नेड रिगमध्ये छोट्या चपट्या डोक्याच्या जिगवर (डोक्यालाच वजन असलेल्या गळावर) तीनेक इंची तुकडा ओवतात. अळी डोक्याला घट्ट टेकलेली आणि अगदी सरळ हवी, बाकी काही कठीण नाही. ड्रॉप शॉटमध्ये वजन खाली, गळ वर आणि अळी नाकात टोचलेली. दोन्हीत फक्त रील फिरवून दोरी ताणायची.

कॅरोलायना रिग वेगळी आहे. जड वजनाच्या मागे दीड ते तीन फूट दोरी आणि तिच्या टोकाला टेक्सास पद्धतीने ओवलेली अळी. दोरी वजनाशी कोन करते, म्हणून रॉड वर न मारता बाजूला लांब, सलग ओढा.

रॉड, दोरी आणि ड्रॅग

लपवलेल्या टोकाला ताकद लागते, म्हणून साधारण ७ फुटांचा मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा रॉड आणि १५ ते २० पौंडांची फ्लुरोकार्बन दोरी. दाट गवतात ५० ते ६५ पौंडांची वेणीची दोरी, कारण ती जवळजवळ ताणलीच जात नाही. साधी नायलॉनची दोरी लांबच्या फेकीवर इतकी ताणली जाते की तुमचा अर्धा हिसका तीच खाते. वॅकी आणि ड्रॉप शॉटसाठी मीडियम स्पिनिंग रॉड आणि शेवटी ८ ते १० पौंडांचा फ्लुरोकार्बनचा तुकडा पुरतो.

सरळ दांड्याचा गळ वेणीच्या दोरीवर वापरत असाल तर स्नेल गाठ शिकून घ्या. दोरी गळाच्या टोकाच्या बाजूने नेढ्यात घालायची आणि दांड्याभोवती वेढे द्यायचे. नीट बांधली तर दोरी ताणताच टोक बाहेरच्या दिशेला वळतं. हाताने ओढून बघा, डोळ्यांना दिसतं.

ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रील दोरी सोडेल ते ठरवणारा भाग, दर वेळी तपासा. हिसका मारताना रील करकरून दोरी सोडत असेल तर गळ लागणार नाही. बरेच जण ड्रॅग सैल करून रॉड घरी ठेवतात, ते योग्यच आहे. मात्र पुन्हा आवळायला विसरतात.

लायसन्स, नियम आणि तुमचे हक्क

मासा सोडून देणार असलात तरी लायसन्स लागतं. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात १६ वर्षांपासून, टेक्ससमध्ये १७ पासून. भारतातून आलेल्या आईबाबांच्या हातात रॉड देणार असाल तर त्यांनाही लागतं. ज्येष्ठांची सवलत बहुधा राज्याच्या रहिवाशांपुरतीच असते. पाहुण्यांसाठी अनेक राज्यांत थोड्या दिवसांचं स्वस्त लायसन्स मिळतं, आणि वर्षातून एक-दोन दिवस विनालायसन्स मासेमारीचेही असतात.

हेही लक्षात ठेवा:

- न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास पकडून सोडायचाच असतो. तो विणीचा काळ आहे.
- न्यू यॉर्कमध्ये बहुतेक पाण्यांत १५ जूनपूर्वी सोडून देण्याच्या अटीवर आणि फक्त कृत्रिम आमिषावर बास पकडता येतो. प्लास्टिकची अळी यात चालते, जिवंत गांडूळ नाही.
- टेक्ससमध्ये सर्वसाधारण मर्यादा १४ इंच आणि दिवसाला ५ मासे. पण लेक फोर्कसारख्या जलाशयात १६ ते २४ इंचांचा बास ठेवता येत नाही. नियम पाण्यागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची राज्याची पुस्तिका बघूनच निघा.
- वसाहतीतलं तळं सगळ्यांचं असेल असं धरू नका. बऱ्याच ठिकाणी ते घरमालकांच्या संघटनेचं (एचओए) असतं आणि पाहुण्यांना मनाई असते. करारपत्र वाचा.
- वन्यजीव अधिकारी लायसन्स, मासे आणि साहित्य बघू शकतो. शांतपणे दाखवा. बऱ्याच राज्यांत फोनवरची प्रत चालते. दंड झाला तर तो न्यायालयात नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे. काठावर वाद घालून काही मिळत नाही.
- सार्वजनिक जागी तुम्ही नियमाने मासेमारी करत असाल तर कुणीही तुम्हाला रंग, उच्चार किंवा कपड्यांवरून हुसकावू शकत नाही. मुद्दाम दगड टाकणं, मासे बिथरवणं हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. राज्याच्या वन्यजीव खात्याचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि तो वापरायला संकोचू नका.

महाराष्ट्रात नेणार असाल तर

आपल्याकडे बास नाही, पण अशा अळ्या आणि मऊ बेडूक भावा-पुतण्यांसाठी नेणारे बरेच आहेत. मरळ गवतातच राहते, म्हणून टोक लपवण्याची पद्धत तिथे चपखल बसते. फक्त मरळीचं तोंड टणक हाडांचं आणि दातेरी असतं. गळ जाड तारेचा, टोक अतिशय धारदार, दोरी वेणीची. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. आधी त्यांची परवानगी घ्या. पोट भरणाऱ्यांच्या पाण्यात न विचारता गळ टाकू नये.

गळ काढताना

लांब चोचीची पक्कड जवळ असल्याशिवाय पहिली फेक टाकू नका. हात ओले करून मासा धरा, म्हणजे त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही. मोठा बास खालच्या ओठाला धरून आडवा लोंबकळत ठेवू नका, दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्या. गळ घशात गेला असेल आणि सहज निघत नसेल तर ओढाताण न करता दोरी गळाजवळ कापून मासा सोडा. त्याच्या जगण्याची शक्यता त्यातच जास्त असते. लहान मुलांसोबत असाल तर उलटा काटा पकडीने दाबून टाका. गळ सहज रुततो आणि बोटात गेला तरी सहज निघतो. मुलाच्या डोळ्याजवळ गळ लागला तर मात्र तिथे हात न लावता थेट दवाखाना गाठा.

फाटलेल्या अळ्या पाण्यात किंवा काठावर टाकू नका. मासे त्या गिळतात आणि त्यांना त्या पचत नाहीत. झाकणाची एक रिकामी बाटली बॅगेत ठेवा, तुटलेले तुकडे आणि दोरीचे कापलेले धागे तीत टाका आणि घरी आल्यावर कचऱ्यात रिकामी करा. वापरलेले गळ त्याच दिवशी पुसून कोरडे करा. ओलसर डबीत ठेवलेल्या गळाच्या टोकाला आठवड्याभरात गंज चढतो, आणि पुढच्या वेळी नखाच्या परीक्षेत तो नापास होतो.